सूर्याभोवती येऊन बसलेला काळा ढग : ही कादंबरी कोणती?

प्रवराकाठ

नमस्कार मंडळी. एका इंग्रजी विज्ञानकादंबरीचं नाव शोधते आहे. मी ती वाचलेली नाही, ऐकलेली आहे, त्यामुळे लेखक, मुखपृष्ठ, साल यातलं काहीच हाताशी नाही. सांगणारा माझा मामा. तो मनमाडला रेल्वेच्या तार विभागात होता. रात्रपाळीत वाचायला स्टेशनवरच्या बुकस्टॉलवरून इंग्रजी पॉकेटबुकं घ्यायचा आणि मे महिन्यात आमच्याकडे संगमनेरला आला की रात्री गच्चीवर सगळ्या भाचरांना ती मराठीत सांगायचा. माणसांची, गावांची नावं तो सरसकट बदलायचा, म्हणून नावांवरून शोधायची सोय नाही. मामा आता नाही आणि त्याची पुस्तकं केव्हाच रद्दीत गेली. हे सगळं सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडचं, म्हणजे पुस्तक त्याआधीचं असणार.

आता गोष्ट. एक तरुण मुलगा रात्री आकाशाचे फोटो तपासत बसलेला असतो. काचेच्या दोन प्लेटा, एकाच जागेच्या पण वेगवेगळ्या दिवशी काढलेल्या, यंत्रात आलटून पालटून बघताना त्याला एक गोल काळा डाग दिसतो. तिथले तारे दिसेनासे झालेले असतात. हे मला अगदी पक्कं आठवतं, कारण मामा दोन्ही हातांचे पंजे डोळ्यांसमोर आळीपाळीने धरून ते दाखवायचा.

तो डाग म्हणजे ढग. तो थेट सूर्याकडे निघालेला असतो. सरकार शास्त्रज्ञांना एका जुन्या वाड्यात नेऊन ठेवतं आणि बाहेर पडू देत नाही. ढग आल्यावर आधी भयंकर उकाडा होतो, मग भरदिवसा अंधार आणि थंडी. माणसं, गुरं, पाखरं मरतात. खरं तर ढगाने सूर्याजवळून पुढे निघून जायला हवं, पण तो वेग कमी करून तिथेच थांबतो. आणि मग कळतं की तो जिवंत आहे. शास्त्रज्ञ त्याच्याशी रेडिओवरून बोलतात. त्यालाच नवल वाटतं की ग्रहासारख्या घट्ट गोळ्यावर विचार करणारे प्राणी कसे काय असू शकतात! या वाक्यानंतर मामा थांबायचा आणि आम्ही सगळे वर बघत बसायचो. मला आयुष्यात विज्ञानाची गोडी लागली ती या एका वाक्यामुळे, असं मी मनापासून म्हणू शकते.

पुढचं तुटक आठवतं. कोणीतरी ढगावर बॉम्ब सोडतं आणि ते उलटे येतात. एक शास्त्रज्ञ ढगाकडून ज्ञान घ्यायला जातो आणि त्यातच मरतो. ढगाला बाजाची पेटी ऐकवतात आणि तो म्हणतो, पुन्हा वाजवा, पण जरा द्रुत लयीत. शिवाय ढग बोलायचा तो अस्सल शेतकऱ्याच्या बोलीत, हेल काढून. शेवटच्या दोन गोष्टी मामाने पदरच्या घातल्या असणार असा माझा समज आहे, पण लिहून ठेवते.

विचारायचं कारण असं की आमच्या बालवाचनालयाच्या उन्हाळी शिबिरात आठवी-नववीच्या मुलांना ही गोष्ट सांगायची आहे. ठिगळं लावलेली नको, मूळ वाचून नीट सांगायची आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

धूळपाटी

बॉम्ब आणि अवकाशातून येणारं संकट म्हटल्यावर मला पहिल्यांदा जयंत नारळीकरांची 'धूमकेतू' आठवली. त्यात दत्तदा नावाचे हौशी निरीक्षक स्वतःच्या दुर्बिणीतून नवा धूमकेतू शोधतात, तो पृथ्वीवर आदळणार असं गणित निघतं आणि अणुस्फोट करून त्याची वाट बदलतात. तुमच्या मामांनी दोन गोष्टी एकत्र केल्या असतील का?

उत्तरायण

मला थंडीवरून नारळीकरांचीच दुसरी कथा वाटते, मुंबईत बर्फ पडतो ती. पण तिथे कारण ज्वालामुखींची धूळ आहे. वातावरणात वर साचलेल्या कणांमुळे सूर्याची उष्णता खाली पोचत नाही आणि हिमयुग येऊ घातलेलं असतं. ढग वगैरे नाही. पेटीचं मात्र काहीच सुचत नाही.

प्रवराकाठ

दोघांचे आभार. या दोन्ही कथा मी मुलांना वाचून दाखवलेल्या आहेत, त्यामुळे त्या नक्की नाहीत. माझ्या गोष्टीत ढग स्वतः बोलतो, हा सगळ्यात मोठा धागा धरावा.

मृगशीर्ष

सापडली. फ्रेड हॉयल यांची 'द ब्लॅक क्लाउड', १९५७. आणि ताई, पेटी तुमच्या मामांची असली तरी प्रसंग त्यांचा नाही! मूळ कादंबरीत ॲन हॅल्सी नावाची पियानोवादक ढगाला बीथोव्हनचा एक अवघड सोनाटा ऐकवते, आणि ढग म्हणतो की फार छान, पहिला भाग वेग तीस टक्क्यांनी वाढवून पुन्हा वाजवा. 'जरा द्रुत लयीत' हे त्याचं इतकं चपखल मराठी आहे की वाचून अंगावर काटा आला.

शेतकऱ्याच्या बोलीचंही तसंच. ढगाचे संदेश ध्वनीत बदलून ऐकायची सोय करतात तेव्हा आवाज कुणाचा द्यायचा असा प्रश्न येतो. त्या वाड्याच्या बागेत 'जो स्टॉडर्ड' नावाचा माळी असतो, त्याचा आवाज वापरतात. इंग्लंडच्या पश्चिम भागातल्या खेडुताचा तो सावकाश, हेलाचा आवाज. सबंध विश्वातली कोडी सोडवत फिरणारा जीव एका माळ्याच्या तोंडून बोलतो आणि सगळे त्याला 'जो'च म्हणायला लागतात. मामांनी यातलं काहीही पदरचं घातलेलं नाही, त्यांनी ते फक्त आपल्या मातीत आणलं.

तुमचा तरुण मुलगा म्हणजे नूट येन्सन, कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेतला. काळ जानेवारी १९६४, म्हणजे लिहिताना भविष्यातला. प्लेटा आलटून पालटून बघण्याचं यंत्र खरंखुरं. क्लाइड टॉम्बॉने १९३० मध्ये प्लूटो अशाच यंत्रावर शोधला होता. इकडे इंग्लंडमध्ये त्याच सुमाराला एक हौशी निरीक्षक सभेत सांगतो की गुरू आणि शनी असायला हवेत त्या जागी नाहीत. सुरुवातीला त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. ढगाच्या गुरुत्वाकर्षणाने ग्रह जागचे हललेले असतात. पालोमारचा फोटो आणि या माणसाचं निरीक्षण, दोन टोकांनी एकच निष्कर्ष निघतो. मला विचाराल तर कादंबरीतला हा पहिला भाग सगळ्यात सुंदर आहे. विज्ञान कसं चालतं हे त्यात इतक्या जवळून दिसतं तेवढं मी दुसऱ्या कुठल्याही कादंबरीत पाहिलेलं नाही.

वाडा म्हणजे नॉर्टनस्टो, इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड भागातला. नायक ख्रिस किंग्जली, केंब्रिजचा प्राध्यापक, तापट, मंत्र्यांना जुमानत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. कादंबरी निघाली त्याच १९५७ साली नारळीकर बनारसहून केंब्रिजला गेले आणि पुढे याच हॉयल यांच्या हाताखाली १९६३ मध्ये त्यांनी पीएचडी केली. गुरुत्वाकर्षणाचा हॉयल-नारळीकर सिद्धांत १९६४ चा. म्हणजे वरच्या दोघांना नारळीकर आठवले ते उगाच नाही, घराणं एकच आहे. त्याच १९५७ साली हॉयल आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी, आपल्या शरीरातलं कार्बन-लोखंड ताऱ्यांच्या पोटात कसं शिजलं हे सांगणारा गाजलेला शोधनिबंधही छापला.

आणि या माणसाचं मत कादंबरीतही डोकावतं. विश्वाला सुरुवात नाही, ते कायम असंच आहे, हा हॉयल यांचा स्थिर स्थिती सिद्धांत. कादंबरीत शास्त्रज्ञ ढगाला विचारतात की तुमच्या जातीतला पहिला कसा जन्माला आला? ढगाचं उत्तर असं की पहिला असा कोणी होता हेच मला मान्य नाही! पुढे १९६५ मध्ये सूक्ष्मलहरींच्या पार्श्वभूमी प्रारणाचा, म्हणजे विश्वाच्या तप्त सुरुवातीच्या उरलेल्या खुणेचा, शोध लागला आणि बहुतेक शास्त्रज्ञ विश्व महास्फोटातून सुरू झालं या बाजूने गेले, पण हॉयल शेवटपर्यंत, २००१ पर्यंत, आपल्या बाजूने लढत राहिले.

प्रवराकाठ

मृगशीर्ष, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. काल रात्री ई-पुस्तक घेतलं आणि सलग वाचत गेले. येन्सन प्लेटा बघतो ते पान आल्यावर वाचणं थांबवून मावसभावाला फोन केला, तोही त्या गच्चीवर असायचा. त्याने माझ्याआधी त्या वाड्यातल्या माळ्याचं नाव सांगितलं : मामाच्या गोष्टीत तो 'जोती माळी' होता. मी ते पार विसरले होते.

मामाने एक गोष्ट मात्र आम्हाला सांगितली नव्हती. बॉम्ब येत आहेत ही खबर ढगाला खुद्द नायकच देतो. मामाच्या गोष्टीत ढगाला ते आपोआप कळायचं. हे वाचल्यापासून अस्वस्थ आहे. मुलांना हे कसं सांगायचं?

वाचनवेडी

तुमची अस्वस्थता पटते. मी ही कादंबरी कॉलेजात असताना वाचली आणि त्या प्रसंगावरून मैत्रिणीशी कडाक्याचं भांडण झालं. अमेरिका आणि रशिया कोणाला न विचारता ढगावर हायड्रोजन बॉम्बची रॉकेटं सोडतात. किंग्जलीला ते कळतं आणि तो ढगाला सावध करतो. ढग रॉकेटं आली त्या वाटेने परत धाडतो आणि शहरं बेचिराख होतात. किंग्जलीचा हिशोब असा की ढग चिडला तर पृथ्वीवर कोणीच उरणार नाही. मैत्रीण म्हणायची, हिशोब बरोबर आहे. मी म्हणायचे, ज्या शहरात लाखो माणसं झोपलेली आहेत त्यांच्या वतीने हा हिशोब करायचा अधिकार या वाड्यातल्या मूठभर लोकांना दिला कोणी? आजही माझं मत तेच आहे. कादंबरी मला फार आवडते, पण राजकारणी म्हणजे मूर्ख आणि शास्त्रज्ञाच्या हातात सत्ता दिली की सगळं सुरळीत होईल, हा तिच्यातला सूर मला मुळीच मान्य नाही. बायकाही तिच्यात जवळजवळ नाहीतच. पियानो वाजवणारी ॲन सोडली तर चहापाण्यापुरत्या.

म्हणूनच मुलांपासून हा प्रसंग लपवू नका. उलट इथेच गोष्ट थांबवा आणि त्यांना विचारा, तुम्ही काय केलं असतं? आठवी-नववीची मुलं यावर तासभर बोलतील.

लॉगटेबल

मी पदार्थविज्ञान शिकवत होतो, आता निवृत्त. या कादंबरीत फळ्यावरचं गणित आहे हे मुलांना जरूर दाखवा. ढग पोचायला किती वेळ लागेल, हे त्याचं अंतर आणि वेग ठाऊक नसतानाही काढता येतं! नगर-मनमाड रस्त्यावर रात्री समोरून ट्रक येत असला की त्याचे दोन दिवे आधी एकच ठिपका वाटतात आणि मग एकमेकांपासून सुटत जातात. किती भराभर सुटतात त्यावरून आपण ट्रक कधी अंगावर येईल ते ओळखतो, मीटर मोजत बसत नाही. ढगाचंही तसंच. समजा काळा डाग एका महिन्यात पाच टक्क्यांनी मोठा दिसला, तर एकाला शून्य पूर्णांक शून्य पाचने भागा. वीस महिने. वेग कायम राहिला तर तेवढ्या अवधीत तो दारात. नववीच्या मुलाला हे गणित येतं, आणि आपल्याला येणाऱ्या गणिताने एवढं मोठं उत्तर निघतं हे कळल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. वर्गात हे अनेकदा अनुभवलंय.

दुसरी जागा म्हणजे ढग जिवंत आहे हे ओळखतात ती. इथे चमत्कार नाही, प्रयोग आहे. वाड्यातून एखाद्या तरंगलांबीवर रेडिओ प्रक्षेपण सुरू केलं की वातावरणाच्या वरच्या थरात आयनीभवन, म्हणजे हवेच्या कणांवर विद्युतभार येणं, वाढतं आणि संदेश अडतो. प्रक्षेपण बंद केलं की आयनीभवन ओसरतं. तरंगलांबी बदलली तरी पुन्हा तेच. किंग्जली म्हणतो, आपण काही केलं की तिकडून प्रतिसाद येतोय, म्हणजे तिकडे कोणीतरी आहे. बाकीचे चिडतात, दुसरी स्पष्टीकरणं शोधतात, ती एकेक करून गळतात. ढगाचा वेग कमी होतानाही तो वायूचे गोळे पुढच्या दिशेने जोरात फेकत होता, हा आधीचा पुरावा तेव्हा जागेवर बसतो. मामांनी हा भाग कसा सांगितला होता, आठवतं का? ते तार विभागातले, त्यांना तो नक्की आवडला असणार.

प्रवराकाठ

सर, तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं. मामा गच्चीच्या कठड्यावर बोटांनी कड-कट्ट, कड-कट्ट असं वाजवायचा, मग थांबायचा, आणि आमच्यातल्या एकाने दुसऱ्या टोकाला तसंच वाजवून उत्तर द्यायचं. 'पलीकडे माणूस आहे हे आम्हाला असंच कळतं,' असं म्हणायचा. तुमच्या प्रयोगाशी हे किती नेमकं जुळतं, ते आज कळलं.

खोडदकर

उशिरा आलो, पण एक सुचवतो. संगमनेरहून नारायणगाव लांब नाही, पुणे-नाशिक रस्त्यानेच. तिथून जवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या बऱ्याचशा खोडदजवळ एकवटलेल्या, बाकीच्या दूरवर इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात पसरलेल्या. आम्ही शाळेत असताना शेतातून त्या वळताना बघायचो. दर वर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त तिथे लोकांना आत सोडतात, मोठं प्रदर्शन असतं. आसपासच्या शाळांची मुलं स्वतः प्रयोग करून आणतात.

ढगाच्या गोष्टीशी याचा संबंध थेट आहे. ताऱ्यांमधल्या जागेत खरोखरच काळे, थंड ढग आहेत आणि त्यांच्या मागचे तारे दिसत नाहीत. हॉयल यांनी कादंबरी लिहिली तेव्हा अशा ढगांत गुंतागुंतीचे रेणू असतील असं मानणारे थोडे होते. पुढे रेडिओ दुर्बिणींनीच ते शोधले : १९६८ मध्ये अमोनिया, १९६९ मध्ये फॉर्मल्डिहाइड, आणि नंतर ती यादी वाढतच गेली. बोलणारा ढग अजून सापडलेला नाही, पण ज्या द्रव्याचा तो बनलाय असं हॉयल सांगतात त्यातलं पुष्कळ काही तिथे निघालं. मुलांना अँटेनाखाली उभं करून हे सांगा.

धूळपाटी

वाचनखूण साठवली आहे. एक शंका. शेवट फार दुःखी आहे का? आठवीच्या मुलांना झेपेल?

मृगशीर्ष

दुःखी आहे, पण निराश करणारा नाही. ढगाला कळतं की दूरवरचा त्याच्यासारखाच दुसरा ढग, एका फार मोठ्या कोड्याचं उत्तर सापडलं असं सांगून, अचानक गप्प झाला. तिकडे काय झालं ते बघायला तो निघतो. जाण्याआधी माणसाला काही शिकवून जायचं ठरतं. पडद्यावर चमकणाऱ्या दिव्यांच्या खुणांमधून ते ज्ञान थेट मेंदूत उतरवायचं. आधी वाइकार्ट नावाचा तरुण बसतो आणि जातो, मग किंग्जली बसतो आणि तोही जातो. त्यांच्यासोबतचा डॉक्टर मॅकनील हे सगळं मागाहून लिहून ठेवतो, आणि मागाहून असं निघतं की हे शिकायला खरं तर 'जो' माळ्याला बसवायला हवं होतं. कारण किंग्जलीच्या डोक्यात जे आधीपासून पक्कं बसलेलं होतं त्याची नव्या ज्ञानाशी टक्कर झाली. माळ्याच्या डोक्यात तेवढी गर्दी नव्हती.

प्रवराकाठ

धूळपाटी, मी शेवट जसाच्या तसा सांगणार आहे. आम्ही त्याच वयात ऐकला आणि पचवला.

ठरवलंय ते असं. पहिल्या संध्याकाळी फक्त प्लेटा, गुरू-शनी सांगणारा हौशी माणूस आणि लॉगटेबल सरांचं गणित. दुसऱ्या संध्याकाळी उकाडा, अंधार आणि कठड्यावरची कड-कट्ट. रॉकेटं परत फिरतात तिथे गोष्ट थांबवून वाचनवेडींचा प्रश्न विचारायचा आणि मुलांना घरी जाऊन भांडू द्यायचं. नावं मी मूळचीच ठेवणार, किंग्जली, येन्सन, नॉर्टनस्टो, म्हणजे उद्या कोणाला पुस्तक शोधायचं झालं तर माझ्यासारखं चाचपडावं लागणार नाही. माळी मात्र जोती. आणि ढगाचा आवाज आमच्या वाचनालयात झाडांना पाणी घालायला येणारे आजोबा काढणार आहेत. अकोल्याकडचे आहेत, हेल अस्सल आहे. कालच विचारलं, तयार झालेत. पेटीसाठी एक नववीतली मुलगी आहे, तिला एकच बंदिश आधी मध्य लयीत आणि मग द्रुत लयीत वाजवायला सांगितली आहे.

लॉगटेबल सर, तुम्ही या पट्ट्यातले असाल तर पहिल्या दिवशी फळ्यापाशी तुम्हीच उभे राहाल का? खोडदकर, फेब्रुवारीच्या सहलीचं तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून कळवते.